हाताला बसलेलं पेन

अक्षर वाईट असलं तर शाळेत छड्या बसतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अक्षर फार चांगलं असलं तर काय बसतं, ते अंथुर्ण्याच्या रामहरीला विचारावं.

रामहरीचा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. त्याची अक्षरओळख एवढीच, की एसटीच्या पाटीवरचं पहिलं अक्षर पोटवालं असलं तर गाडी बारामतीची, नसलं तर इंदापूरची. अशा माणसाच्या पोटी हे मोत्याचं अक्षर कुठून आलं, देव जाणे. पोरगं मराठी घेऊन बी.ए. झालं, बी.एड. झालं आणि दादासाहेबांच्या संस्थेच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून लागलं. आता शिक्षक म्हणजे वर्गात उभा राहून शिकवणारा, असा आपला तुमचा समज. दादासाहेबांचा समज निराळा होता.

पहिला पगार झाला तेव्हा रामहरीनं आईला लुगडं घेतलं, बायकोला जोडवी घेतली आणि उरलेले पैसे खिशात घालून बारामती गाठली. गुळाच्या आडतीमागं एक बोळ होता. गुळाच्या वासातून चालत आत गेलं, की मध्येच जळक्या रबराचा वास यायचा. तो वास आला की समजायचं, रसूलभाईंचं दुकान आलं. दुकान कसलं, खोपटंच. एक छोटी लेथ, तिच्याखाली काळ्या, हिरव्या किसाचा ढीग, आणि भिंतीला एबोनाइटच्या कांड्या टेकवून ठेवलेल्या. हे कडक केलेलं रबर लेथवर उतरवून, आतून पोखरून, टोपणाला आटे पाडून रसूलभाई शाईची पेनं करत. पण पेन झालं म्हणून लगेच हातात देतील तर शपथ! गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, कागद पुढं करायचा आणि म्हणायचं, "लिवा. काय बी लिवा." गिऱ्हाईक लिहायला लागलं की हा बाबा डोळे मिटून घ्यायचा.

"वर जाताना कुरकुरती," डोळे न उघडताच ते म्हणाले. पेन काढून घेतलं, पॉलिश कागदावर निब दोनदा हलकेच फिरवली, पुन्हा हातात दिलं. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. दुपार कलली. शेवटी कागदावरून कसलाच आवाज येईना, तेव्हा रसूलभाईंनी डोळे उघडले.

"आता ही कुनाला दिऊ नका, गुरुजी. बायकूला बी न्हाय. निब हाताला बसती. एकदा बसली, की दुसऱ्यानं जरी धरली तरी तुमच्याच वळनानं जाती. बैलाला घरची वाट ठाऊक असती ना, तसं."

गुरुजी! अजून वर्गाचा उंबरा ओलांडला नव्हता, तरी तो शब्द रामहरीला गोड लागला.

त्या पेनानं त्याला काय सुख दिलं ते सांगून समजायचं नाही. दर रविवारी सकाळी ओसरीत बसून तो ते उघडायचा. कोमट पाण्यात निब धुवायची, तिच्या खालची जीभ जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायची, ड्रॉपरनं निळी शाई थेंब थेंब आत सोडायची. बोटं निळी व्हायची आणि त्याला ती तशीच ठेवावीशी वाटायची. मग कोऱ्या कागदावर पहिला श्री काढायचा. ओली ओळ उन्हात क्षणभर चमकायची आणि डोळ्यांदेखत वाळून जायची. तेवढ्यासाठी तो पुढची ओळ लिहायचा. काय लिहायचं याला महत्त्व नव्हतं. कधी अभंग, कधी पेपरातला बाजारभाव. हिरव्या काळ्या लाटांचं ते गुबगुबीत पेन चिमटीत धरलं, की मेंढक्याचा पोरगा राजा व्हायचा.

पण राजाच्या नशिबात चाकरी होती. लागल्याच्या पहिल्याच वर्षी संस्थेत कुणी बडा पाहुणा आला. त्याला द्यायचं मानपत्र रामहरीनं हौसेनं लिहून दिलं. पाहुण्यानं भर सभेत ते दोन्ही हातांनी उंच धरलं आणि म्हणाला, "दादासाहेब, हा हिरा कुठं लपवून ठेवला होता?" दादासाहेबांनी कौतुकानं रामहरीच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवसापासून बंगल्याच्या पडवीत एक खुर्ची आणि टेबल पडलं. हजेरी शाळेत, माणूस पडवीत. मानपत्रं, सांत्वनाची पत्रं, लग्नपत्रिकांवरची नावं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सोयऱ्यांच्या बारशाची आमंत्रणं. कुणी मेलं तरी रामहरी, कुणी जन्मलं तरी रामहरी. दादासाहेब वाईट माणूस होते म्हणावं तर तसंही नाही. दिवाळीला कपडे करत, चहा आपल्याबरोबर पाजत. दर जूनला न चुकता म्हणत, "औंदा तुला वर्ग देतोच बघ." जून यायचा, जायचा. सोडून जावं म्हटलं तर जाणार कुठं? तालुक्यातल्या निम्म्या संस्था दादासाहेबांच्या आणि उरलेल्या त्यांच्या व्याह्यांच्या. पिंजरा असा प्रशस्त होता, की बघणाऱ्याला तो अंगणच वाटायचा.

मध्ये बारामतीत कॉम्प्युटरवर अक्षरं छापून मिळायला लागली. रामहरीला हुरूप आला. त्यानं स्वतः जाऊन एक मानपत्र छापून आणलं आणि दादासाहेबांपुढं ठेवलं. दादासाहेबांनी ते पत्रावळीसारखं उलटसुलट करून बघितलं.

"हे काय, कुनी बी छापील. हातानं लिवल्यालं द्याया माझ्याकडंच मानूस हाय."

म्हणजे जगात जसजशी बॉलपेनं आणि कॉम्प्युटर वाढत चालले, तसतसा रामहरी महाग होत चालला. आपल्याच गुणानं माणसाचा गळा असा आवळला जातो.

मग मराठीचे दत्तोबा गुरुजी निवृत्त झाले. वर्ग मोकळा पडला. रामहरीनं सगळा धीर गोळा केला आणि पडवीतच विचारलं. दादासाहेब हसले.

"वर्गावर काय, कुनी बी हुबं ऱ्हातं. हितं तुझ्याबिगर कोन हाय? आनि तुझं अक्षर असंपतोर तुला काय काळजी?"

अक्षर असंपतोर! ते वाक्य रामहरीच्या डोक्यात घुसलं. अक्षरच नसलं तर? त्या आठवड्यात त्यानं पत्त्यांची अक्षरं मुद्दाम वेडीवाकडी काढायचा प्रयत्न केला. पण हात ऐकेना. दोन अक्षरं वाकडी जायची, तिसरं मान ताठ करून उभं राहायचं. रामहरी चिडला, आणि खरं सांगायचं तर मनातून थोडा सुखावलाही.

शेवटी अडला हरी रसूलभाईंकडं गेला.

"रसूलभाई, एक वाईट निब करून द्या. अशी, की अक्षर पार बिघडलं पायजे."

लेथ थांबली. एवढ्या वर्षांत कुणी असं काही मागितलं नव्हतं. रसूलभाईंनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ दाढी खाजवली आणि रामहरीच्याच पेनाची निब तिरकी कापायला घेतली. कापली, आणि सवयीनं म्हणाले, "लिवा." रामहरी लिहायला लागला. सवयीनंच रसूलभाईंचे डोळे मिटले. कुरकुर ऐकू आली, हात पॉलिश कागदाकडं गेला. एक जण लिहीत राहिला, दुसरा ऐकत राहिला. वाईट निब करायला बसलेली ही दोन शहाणी माणसं भान हरपून बसली, आणि भानावर आली तेव्हा कागदावर उभी रेघ जाड, आडवी बारीक, असं देवळाच्या खांबावर कोरल्यासारखं अक्षर उमटलं होतं. आधीच्याहून देखणं!

दोघंही कागदाकडं बघत राहिले. मग रसूलभाई हळूच म्हणाले, "माझ्यानं वाईट हुत न्हाय, गुरुजी. निब बिघडवून भागायचं न्हाय. बिघडवायचा तर हातच बिघडवा."

ते बोलले थट्टेनं. रामहरी एसटीत बसला तेव्हाही हसतच होता. भवानीनगर येईपर्यंत त्याचं हसू थांबलं होतं.

चार दिवसांनी रामहरी कॅनॉलच्या भरावावरून सायकलसकट पडला. म्हणजे सायकल खाली सोडून दिली आणि मग स्वतः सावकाश उतरून तिच्याशेजारी आडवा झाला. पळसदेवच्या साखरबाईनं अंगठा चाचपला. हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. अंगठ्यात काही नाही हे तिला पहिल्या दाबातच समजलं असणार. तिनं रामहरीच्या तोंडाकडं बघितलं, काय दिसलं कुणास ठाऊक, आणि आंबेहळद लावून, कामट्या बांधून म्हणाली, "शीर धरलीया. कवा सुटंल सांगता यायचं न्हाय." इंदापूरच्या डॉक्टरनं फोटो काढला. फोटोत हाड शाबूत. पण शीर फोटोत दिसत नाही, त्याला डॉक्टर तरी काय करणार?

दादासाहेबांनी महिनाभर वाट बघितली. मग वैतागून म्हणाले, "तवर जा वर्गावर. बसून तरी काय करनार?"

असा रामहरी गुरुजी झाला. आठवी ब. डाव्या हातानं फळ्यावर लिहायचा तर अक्षरं पाय घसरल्यासारखी खाली उतरायची. पोरं हसायची, तोही हसायचा. पण शिकवायला लागला की खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी आत आली तरी पोरांची मान वळत नसे. शाळा सुटल्यावरही चार पोरं मागं रेंगाळायची. रामहरी घरी येताना सायकलवर मोठमोठ्यानं कविता म्हणायचा. बायको सिंधू म्हणायची, "लगीन झाल्यापासनं एवढं ग्वाड बोलताना आज बघतीया."

याची किंमत मात्र होती. पट्टी काढायची नाही, चमच्यानं जेवायचं आणि पेनाला हात लावायचा नाही. खेड्यातलं घर म्हणजे धर्मशाळा. कोण कधी आत येईल नेम नसतो. पेन कपाटात पडलं. रविवारी सकाळी रामहरीची बोटं पट्टीच्या आतल्या आत श्री काढायची. तो उठून गुरांना पाणी पाजायला जायचा.

खरी गोष्ट तीन माणसांना ठाऊक होती: तो, सिंधू आणि रसूलभाई. साखरबाई धरली तर चार. शेजारच्या आठवी अ मध्ये शिकणाऱ्या स्वरालीला, त्याच्या एकुलत्या एक पोरीला, त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. सिंधूच म्हणाली होती, "पोरांच्या तोंडात तीळ भिजत न्हाय." शहाणपणाचं वाटलं ते. तिथंच सगळं चुकलं.

पोरीनं बापाचं सुख बघितलं नाही, तिनं पट्टी बघितली. तिनं चमच्यानं जेवणारा बाप बघितला, आणि कपाटाशी जाऊन मुकाट परत येणारा बाप बघितला. दुपारी घरात कुणी नसताना तिनं पेन काढलं. वाळलेली शाई कोमट पाण्यानं धुतली, जीभ चिंधीनं पुसली, लहानपणापासून ओसरीत बघितलं होतं अगदी तसं. आणि बापाच्या जुन्या कागदांवर कागद ठेवून गिरवायला लागली. पेन बापाच्या हाताला बसलेलं. ते तिला घरच्या वाटेनं घेऊन गेलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. पाहुण्यांचं मानपत्र दादासाहेबांनी नाइलाजानं बारामतीहून छापून आणलं होतं. व्यासपीठावर सतरंजी, हार, नारळ. मानपत्र द्यायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी दुसरीच गुंडाळी पुढं केली. दादासाहेबांनी ती उलगडली आणि तिथंच थांबले. पहिल्या रांगेतल्या रामहरीला तो कागद दिसला. आधी वाटलं, हे आपण कधी लिहिलं? तीच जाड उभी रेघ, तोच ताठ काना. दादासाहेबांची नजर कागदावरून उठली, रामहरीच्या पट्टीवर आली, परत कागदावर गेली.

"कुनी लिवलंय?"

मुलींच्या रांगेतून स्वराली उठली. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि उजव्या हाताची बोटं निळी. तिनं दादासाहेबांकडं बघितलंच नाही. बापाकडं बघत म्हणाली, "अण्णा, तुमचं अक्षर मी मोडू दिलं न्हाय."

सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. रामहरीला त्या टाळ्या अंगावर दगड पडल्यासारख्या लागल्या. पोरगी एवढी हसत होती, एवढी फुलली होती, की त्याला रडू आलं, आणि लोकांना वाटलं आनंदानं आलं.

"शाब्बास!" दादासाहेब माइकवरूनच बोलले. "म्हंजी बियानं राखलंय म्हना की. पोरी, उद्यापासनं शाळा सुटली की बंगल्यावर येत जा. तुझ्या बापाची खुर्ची मोकळीच हाय. धावी झालीस की हितंच चिकटवून टाकू. लांब जायाचं कामच न्हाय."

स्वराली हरखून मान हलवायला लागली. रामहरीला ती खुर्ची दिसली. पडवीतला तो कोपरा, शेजारची पानाची पिंक, आणि खुर्चीत बसलेली पोर, आधी तेरा वर्षांची, मग वीस, मग तीस. दर जूनला कुणीतरी तिला काहीतरी कबूल करतंय.

तो उठला. व्यासपीठाच्या पायरीशी गेला आणि दातांनी पट्टीची गाठ सोडायला लागला. टाळ्या थांबल्या. वेटोळी सुटत गेली, कामट्या खाली पडल्या. मातीतून उपटलेल्या मुळ्यासारखा पांढरा पडलेला अंगठा बाहेर आला. रामहरीनं तो सगळ्यांसमोर वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"पोरीला ऱ्हाऊ द्या, दादासाहेब. माझा हात बरा झालाय."

मांडवात कुजबुज सुरू झाली. दादासाहेबांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी माइक बाजूला केला आणि फक्त रामहरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय का? मला वाटलं हुतं, लई आधी बरा हुईल. ये उद्या."

घरी येताना स्वराली सायकलवर मागं बसली नाही. शेजारून चालत राहिली. ओढ्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, "हात दुखतच नव्हता?"

"न्हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

रामहरी सायकल ढकलत राहिला. पुढं किराणा दुकानाशी रामहरी थांबला. आत जाऊन एक बॉलपेन घेऊन आला, पारदर्शक नळीचं, सगळ्यांत स्वस्तातलं. आयुष्यात त्यानं पहिल्यांदाच असलं पेन विकत घेतलं होतं.

दिवेलागणीला त्यानं पोरीला ओसरीत बसवलं. रसूलभाईंचं पेन तिच्याकडून मागून घेतलं. तिनं ते दिलं, पण देताना टोपणावरून एकदा अंगठा फिरवला. रामहरीनं शाई भरली आहे का बघायला म्हणून कागदावर श्री काढला. पाच महिन्यांनी! निब कागदावर सरकली मात्र, त्याच्या सगळ्या अंगातून गोड शिरशिरी गेली. उद्यापासून पुन्हा पडवी, पुन्हा बारशांची आमंत्रणं. आठवी ब आता दुसऱ्या कुणाची. सगळं संपलं होतं, आणि हात बेशरमासारखा खूश होता. त्याला त्या हाताचा राग आला. पेन मिटून त्यानं बाजूला ठेवलं.

"ऐक. तू धावी झालीस, पुन्याला कॉलेजात गेलीस, की रसूलभाईंकडं जाऊ. तुला स्टुलावर बसवू. तुझ्या हाताचं पेन करून घेऊ. पर तवर तुझं अक्षर ह्या गावात परत कुनाला दिसता कामा न्हाय. कळलं?"

"म्हंजी?"

त्यानं बॉलपेन तिच्या हातात दिलं आणि वही पुढं सरकवली. "म्हंजी रोज एक पान गिचमिड लिवायचं. हाताला सवय लागंपतोर."

स्वराली त्याच्याकडं बघत राहिली. आतून सिंधू दारात येऊन उभी राहिली. मग पोरीनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. बॉलपेन कागदावर खरखरत होतं. रामहरी तिच्या खांद्यावरून बघत होता. पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत एक 'ळ' आला, दोन्ही गाठी सारख्या, पाठ सरळ. नुसतं बघत राहावं असा.

"हा फार चांगला आला," तो म्हणाला. "खोड. परत लिव."